घाण खाणारे जंतू



आपल्या गावचे सांडपाणी ओढ्याला मिळते. ओढा नदीला मिळतो. खालच्या गावी तेच पाणी पितात. मग हगवण येते, विषमज्वर येतो. म्हणून सांडपाणी आधी शुद्ध केले पाहिजे. पण कसे?

गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो. गाळ खाली बसतो. ही रासायनिक रीत. पण विरघळलेली घाण तुरटीने सगळी जात नाही. ती खातात डोळ्यांना न दिसणारे जंतू. सगळेच जंतू काही वैरी नव्हेत!

इंग्लंडात मँचेस्टरला आर्डर्न व लॉकेट यांनी बाटलीत सांडपाणी घेऊन त्यात हवा सोडली. ते शुद्ध व्हायला सुमारे ५ आठवडे लागले. मग वरचे पाणी ओतून दिले. तळचा गाळ मात्र राखला. त्यावर नवे सांडपाणी घातले. असे पुन्हा पुन्हा केले. गाळात जंतू वाढले, आणि तेच काम २४ तासांत होऊ लागले! १९१४ साली त्यांनी हे जाहीर केले. आज कितीतरी शहरांत हीच रीत चालते.

आपल्या संडासाच्या टाकीतही दुसऱ्या जातीचे जंतू राबत असतात. तिच्यात ॲसिड, फिनेल भरमसाट ओतले तर ते मरतात. आपले चाकर आपणच मारावेत काय?