पोटाच्या भिंतीची शिवण



आजचा विषय थोडा संकोचाचा आहे. पण ज्या घरांत एकदोन बाळंतपणें झालीं आहेत, तेथें तो न बोलतां घोळत असतो. मूल दोन वर्षांचें झालें, हातपाय पूर्वीसारखे सडपातळ झाले, तरी पोट मात्र पांचव्या महिन्याचें असावें तसें दिसतें. अशीच एक बाई सासूबाईंसह मजकडे आली होती. सकाळीं पोट सपाट, जेवणानंतर फुगलेलें. समारंभास गेलें कीं कोणी तरी हळूच विचारी, "पुन्हा कांहीं आहे का?" घरच्यांचें मत असें कीं, ही आळशी आहे. बिचारी तर वर्षभर पहाटे उठून पोटाचे व्यायाम करीत होती! तिच्या अंगावर चरबी बेताचीच होती. दोष निराळ्या ठिकाणीं होता.

पोटाच्या पुढच्या भिंतींत, मध्यरेषेच्या दोहों बाजूंस, बरगड्यांपासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत उभे जाणारे दोन स्नायु असतात. त्यांच्यामध्यें पांढऱ्या, चिवट तंतूंची एक अरुंद पट्टी असते. गर्भ वाढूं लागला कीं ही पट्टी ताणून रुंद होते व स्नायु बाजूंस सरतात. यांत रोग कांहीं नाहीं. प्रसूतीनंतर कांहीं महिन्यांत बहुतेकींची पट्टी पुष्कळशी आवरते. कांहींची ताणलेलीच राहते. अंतर सुमारें २ सेंटिमीटरांहून अधिक राहिलें, तर डॉक्टर त्यास स्नायूंची फारकत म्हणतात. हा हर्निया नव्हे. हर्नियांत भिंतीला भोंक पडतें. येथें भिंत अखंड पण सैल असते. दोन्ही एकत्रही असूं शकतात, म्हणून तपासणी डॉक्टरांकडूनच व्हावी. घरीं शंका पाहावयाची तर उताणें निजून, गुडघे वांकवून, डोकें जरा उचलावें व बेंबीच्या वर मधोमध बोटें आडवीं ठेवावीं. दोन बोटें आंत गेलीं किंवा तेथें वरंबा उठला, तर दाखवून यावें.

बाळंतिणीचें पोट बांधण्याची आपली चाल आधार देते, कंबरेला बरें वाटतें. पण ताणलेली पट्टी त्यानें शिवली जात नाहीं. जाणकाराकडून शिकलेल्या व्यायामानें स्नायु सबळ होतात, अंतरही कांहींसें घटतें. तो आधीं नेटानें करून पाहावा. तेवढ्यानें भागलें नाहीं व कातडीही लोंबती राहिली, तरच शस्त्रक्रियेचा विचार.

१८९९ सालीं अमेरिकेंत हॉवर्ड केली यांनीं पोटावरील लोंबती कातडी व चरबी आडवी कापून काढली होती. १९६७ सालीं ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनीं शेंकडों रोग्यांच्या अनुभवावरून ही शस्त्रक्रिया वर्णिली. तींत भिंतही आवळून घेतली जाई. आज पद्धत अशी : लुगड्याखालीं झांकेल इतका खालीं, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात. त्वचा व चरबी सोडवीत बरगड्यांपर्यंत उचलतात; बेंबी मात्र देठासह जागच्या जागीं ठेवतात. मग सैल भिंत उघडी पडते, आणि शस्त्रवैद्य स्नायूंच्या आंतल्या कडा शाईनें आंखून घेतो. पुष्कळांची समजूत अशी कीं, स्नायूच शिवतात. तसें नव्हे. मांसांत घातलेला टाका तें फाडून बाहेर येईल. टाके पडतात ते स्नायूंवरील तंतुमय आवरणांत. शिंपी कापड न कापतां दोन रेषा जवळ आणून मधला फुगार आंत दाबतो व चूण घालतो, तसेंच हें. वरपासून खालपर्यंत, पुष्कळदां दोन थरांत, न विरणाऱ्या किंवा फार सावकाश विरणाऱ्या दोऱ्यानें ही शिवण घालतात. ती किती घट्ट करावी यांतच खरें कसब आहे. फाजील आवळली तर पोटांतला दाब वाढतो, श्वास कोंडतो, पायांकडून परतणाऱ्या रक्तास अडथळा होतो. म्हणून भूल देणारा डॉक्टरही त्या वेळीं श्वासाच्या दाबावर डोळा ठेवून असतो. शेवटीं वाजवीपेक्षां जास्त कातडी काढून व बेंबीस नवें छिद्र पाडून जखम शिवतात. वजन उतरविण्याचा हा उपाय नव्हे. आंतड्यांभोवतींची चरबी यानें हलत नाहीं.

जाहिरातींतलीं चित्रें पाहून कोणी हें किरकोळ समजूं नये. पहिले कांहीं दिवस वांकून चालावें लागतें. जखमेखालीं पाणी सांचतें. पायांत रक्त गोठून गुठळी फुप्फुसांत गेली तर प्राणावर बेततें, म्हणून लौकर चालवितात. धूम्रपान करणाऱ्यांची जखम चिघळते. बेंबीखालचा भाग महिनोन्‌महिने बधिर राहतो, व्रण जन्मभराचा. पुन्हा गर्भ राहिल्यास शिवण ताणते. तेव्हां आणखी मूल हवें असेल तर थांबावें. आणि सुमारें सहा आठवडे जड उचलणें वर्ज्य.

हें ऐकून ती बाई म्हणाली, "मग मुलाला कोण उचलील?" मीं तोच प्रश्न सासूबाईंपुढें ठेवला. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग सुनेला बाहेर बसावयास सांगून त्यांनीं विचारलें, "माझीं पांच बाळंतपणें झालीं. माझेंही पाहतां का?" त्यांचें अंतर चार बोटांचें निघालें.