संगणक सुरू होईना तेव्हा

(गणेशोत्सवातील संध्याकाळच्या कार्यक्रमात वाचनालय समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे.)



काल नाट्यगीतं झाली, उद्या पाककृती स्पर्धा आहे. मधल्या संध्याकाळी संगणकाच्या दुरुस्तीवर भाषण ठेवल्याबद्दल कार्यकारिणीचे आभार मानावेत की तक्रार करावी, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. पण गेल्या वर्षी उत्सवाच्या तोंडावर वाचनालयातला संगणक बंद पडला होता, हे तुम्हा सगळ्यांच्या कानावर आहेच. निम्म्या लोकांना ‘सगळा डेटा गेला’ असं कळलं होतं, उरलेल्यांना ‘पोराने बिघडवला’ असं. दोन्ही खरं नाही. काय झालं ते नीट सांगून टाकावं, म्हणून उभे आहोत.

त्या संगणकात काय आहे ते आधी सांगतो. सभासदांची नोंदवही आहे. वधू-वर सूचक मंडळाची यादी आहे. जुन्या स्मरणिकांची स्कॅन केलेली पानं आहेत. आणि आपल्या बाईंनी, शाळेतून निवृत्त झाल्यावर, रोज दुपारी दोन तास बसून केलेली ग्रंथालयाची सूची आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा इथून मुंबई राज्यात गेला आणि आपली घरं हैदराबादेतच राहिली. कुणाचं कूळ नांदेडचं, कुणाचं परभणीचं, कुणाचं बीडचं, हे एका जागी लिहिलेलं कुठे असेल तर ते त्या नोंदवहीत. कागदाची मूळ वही वाळवीने अर्धी खाल्ली आहे. म्हणजे उरली ती संगणकातली. आणि तिची दुसरी प्रत नव्हती. हे आम्ही मान खाली घालून सांगतो.

संगणक जुना, फार हळू. तेव्हा ठरलं की नवीन घेण्याऐवजी यात ४ जीबी रॅमची आणखी एक पट्टी घालू आणि एक एसएसडी बसवू. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला, म्हणजे आपल्या सीटीसीला जाऊन दोन्ही वस्तू आणल्या. इंजिनिअरिंगला असलेला आपलाच एक मुलगा बसवायला तयार झाला. त्याने सीपीयू उघडला, ब्लोअरने धूळ उडवली, रॅम रिकाम्या खाचेत बसवली, एसएसडीच्या वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर काहीच नाही. काही सेकंदांनी पंखा थांबला, पुन्हा आपोआप फिरला, पुन्हा थांबला.

यावर आम्ही काय केलं? आम्ही त्याच्यावर ओरडलो. ‘चांगला चालत होता, कशाला हात लावलास?’ खरं तर हात लावायला आम्हीच सांगितलं होतं. ओरडून झाल्यावर आम्ही सभेला वर गेलो आणि तो खाली एकटा राहिला. पुढचे दोन दिवस आम्ही हकनाक का घालवले, याचं उत्तर त्या अर्ध्या तासात आहे. ते नंतर येईल.

दुसऱ्या दिवशी बाहेरून एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने नवी रॅम काढली, पडदा लागला. आम्ही टाळ्याच वाजवायच्या बाकी होतो. पण विंडोजचं चिन्ह आलं, गोल ठिपके फिरले आणि निळा पडदा: रडका चेहरा आणि खाली ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. पुन्हा सुरू, पुन्हा तेच. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘विंडोज उड गया साब, फॉरमॅट मारना पडता. बोर्ड भी कमजोर है.’ कोषाध्यक्ष काकांनी पैसे किती विचारले. तो आकडा सांगत होता तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘फॉरमॅट म्हणजे पुसणं ना? मग नको.’ इतकंच. मंडळी, त्या दिवशी तांत्रिकदृष्ट्या योग्य वाक्य त्या खोलीत एकच बोललं गेलं आणि ते बाईंचं होतं.

संध्याकाळी आम्ही आपल्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या काकांना गाठलं. ते आले, पण सीपीयूला हात लावेनात. आधी खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘शेवटचा नीट कधी चालला होता? त्यानंतर काय काय केलंत, क्रमाने सांगा.’ आम्ही सांगितलं: धूळ, रॅम, एसएसडी. मग त्यांनी संगणक चालू करून डिलीट बटण दाबत बायोसचा पडदा उघडला. हा विंडोजच्या आधीचा पडदा, बोर्डाचा स्वतःचा. तिथे आपली जुनी हार्ड डिस्क नावानिशी दिसत होती. काका म्हणाले, ‘डिस्क जिवंत आहे.’ आमच्या पोटातला अर्धा गोळा तिथेच विरघळला. मग त्यांनी वर बोट ठेवलं. तारीख होती १ जानेवारी २०१३.

‘सेल संपला, की कुणी काढला?’ काकांनी विचारलं.

कुणी बोलेना. मग तो मुलगा म्हणाला, ‘काका, मी काढला होता.’

आम्ही वर सभेत असताना त्याने एका व्हिडिओत पाहून बोर्डावरचा तो नाण्यासारखा सेल काढून पाच मिनिटांनी परत लावला होता. हा उपाय चुकीचा नाही, बरं का. त्या ३ व्होल्टच्या सेलवर बोर्ड आपलं घड्याळ चालवतं, जुन्या बोर्डांत सेटिंगही त्याच्याच जिवावर टिकतात. सेल काढला की सगळं कारखान्यातून आलं तसं होतं. नव्या भागामुळे बोर्ड अडून बसलं असेल तर कधीकधी ते एवढ्यावर सुटतंही. पण त्यासोबत आपण वर्षानुवर्षं वापरत असलेली सेटिंगही जातात. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आधीच एवढं बोलून घेतलं होतं, आणखी एक गोष्ट केली हे सांगायची त्याला भीती वाटली. त्याने ते पहिल्या रात्रीच सांगितलं असतं तर दुरुस्तीवालाही बोलवावा लागला नसता. त्याला सांगता आलं नाही, ही चूक आमच्या खात्यावर टाकावी.

आता निळ्या पडद्याचं कारण. डिस्कशी बोलायच्या बोर्डाच्या दोन-तीन पद्धती असतात. जुन्या बोर्डांवर आयडीई ही एक आणि एएचसीआय ही दुसरी. विंडोज ज्या पद्धतीवर बसवलेलं असतं, त्याच पद्धतीने सुरू व्हायची त्याला सवय लागते. आपलं एएचसीआयवर होतं. सेल काढल्यावर बोर्ड आयडीईवर गेलं. डिस्क तीच, फायली त्याच, पण विंडोजला सुरुवातीलाच आपली डिस्क सापडेना. घर तेच, कुलूप बदललं. फॉरमॅट मारला असता तर चालू झालंच असतं, नव्या कुलपासकट रिकामं घर.

पण काकांनी लगेच सेटिंग बदललं नाही. ‘आधी प्रत, मग दुरुस्ती,’ म्हणाले. हार्ड डिस्क बाहेर काढली, घरून आणलेल्या साटा ते यूएसबी जोडणीने आपल्या लॅपटॉपला लावली. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही, हे ज्यांना घरी करायचं आहे त्यांनी लक्षात ठेवा. ‘या फोल्डरची परवानगी नाही’ असं लॅपटॉपने विचारलं, तर पुढे चला म्हणायला हरकत नाही. ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारलं, तर मात्र मेलो तरी हो म्हणायचं नाही. रात्री साडेअकरापर्यंत फायली उतरत होत्या. बाईंची सूची, नोंदवही, स्मरणिका. बाई तोवर घरी गेल्या नाहीत. फायलींबरोबर काकांनी जुने मराठी फाँटही आठवणीने उतरवून घेतले, कारण आपली अर्धी सूची युनिकोडच्या आधीच्या फाँटात टंकलेली आहे. तो फाँट नसला तर फाइल उघडते पण मजकूर म्हणून नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात.

मग डिस्क परत लावली, बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय केला, तारीख दुरुस्त केली, एफ-टेन दाबून जतन केलं. विंडोज सुरू झालं. तारीख दुरुस्त करणं क्षुल्लक समजू नका. ती मागे राहिली तर बँकेच्या आणि इतर सुरक्षित वेबसाइट उघडायला नकार देतात, आणि माणूस इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो.

राहिला पहिला बिघाड. नवी रॅम लावली की पडदा काळा. सगळ्यांचं म्हणणं रॅम खराब, सीटीसीला परत द्या. मुलाचं म्हणणं बोर्ड खराब, कारण रॅम नवी कोरी होती. नव्या वस्तूवर संशय घ्यायला मन धजत नाही. काका म्हणाले, भांडू नका, विचारून बघू. त्यांनी मुख्य बटण बंद केलं, वायर काढली, चालू करायचं बटण दाबून धरून उरलीसुरली वीज जाऊ दिली, सीपीयूच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडली. मग दोन्ही रॅम काढल्या आणि एक छोटा स्पीकर बोर्डाला जोडून चालू केलं. बोर्ड लांब लांब ओरडू लागलं. ‘ओरडतंय म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड शुद्धीवर आहेत. गप्प राहिलं असतं तर काळजी होती.’

मग जुनी पट्टी पहिल्या खाचेत: पडदा आला. ती काढून नवी पट्टी पहिल्या खाचेत: पडदा आला. म्हणजे नवी पट्टी चांगली. जुनी पट्टी दुसऱ्या खाचेत: काळा. पट्टी कुठलीही घाला, दुसरी खाच नाही म्हणते. दर वेळी बंद करून, वायर काढून, एकच बदल. पंधरा मिनिटांत दोष पट्टीचा नाही, खाचेचा आहे हे सिद्ध झालं. मुलाने मोबाइलच्या उजेडात खाचेत पाहिलं. आत, अगदी तळाशी, झुरळाचं वाळलेलं पिल्लू होतं. दहा वर्षं ती खाच रिकामी होती आणि शेजारच्या खोलीत आपली खिरापत ठेवतात, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. कोरड्या मऊ ब्रशने ते काढलं, पट्टीच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या पुसल्या, दोन्ही बाजूंचे खटके टक्‌ असे वाजेपर्यंत दाबलं. ८ जीबी दिसू लागली.

हे झाल्यावर लोक आम्हाला घरचे संगणक दाखवू लागले, जणू आम्ही त्यातले तज्ज्ञ. एका घरी ग्राफिक्स कार्ड नवं होतं आणि मॉनिटरची वायर मात्र जुन्या, बोर्डावरच्या भोकातच होती. वायर खालच्या भोकात लावली आणि चहा घेऊन आलो. दुसरीकडे सगळं नवं, डीडीआर-५ रॅमचं. तिथे पडदा येईना म्हणून घरचे दर मिनिटाला बंद-चालू करत होते. त्या नव्या बोर्डांना पहिल्यांदा रॅम ओळखून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ तो काळा पडदा सोसायचा. आणि तिसऱ्या ठिकाणी मात्र आम्ही हात टेकले. विंडोज ११ होतं, बायोसमध्ये बदल झाल्यावर त्याने बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली आणि ती कुणाकडेच नव्हती. शेवटी मुलीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली. मुलगी पुण्याला, रात्रपाळीला. तेव्हा उघडण्याआधी ही किल्ली शोधून वहीत लिहून ठेवा, आणि बायोसच्या प्रत्येक पडद्याचा मोबाइलने फोटो काढा. आम्ही फोटो काढला असता तर हे भाषण पाच मिनिटांत संपलं असतं.

एक मात्र कुणीही करू नका. वीज पुरवणारा तो पत्र्याचा डबा, एसएमपीएस, उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात धक्का देण्याइतकी वीज साठलेली राहू शकते. तो बिघडला तर बदलायचा.

आता नोंदवहीच्या दोन प्रती बाहेरच्या डिस्कवर आहेत. एक वाचनालयाच्या कपाटात, एक कोषाध्यक्ष काकांच्या घरी, त्यांच्या देवघराच्या खणात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या ताज्या होतात, आणि ते काम त्या मुलाकडे दिलं आहे. त्याने मागितलं नव्हतं. बाईंनी त्याचं नाव सुचवलं.

एसएसडी यंदाच्या जूनमध्ये बसवली. तीही त्यानेच. सीपीयूच्या आतल्या बाजूला त्याने एक कागद चिकटवला आहे, कुठल्या तारखेला काय बदललं त्याचा. पहिली ओळ त्याच्या अक्षरात अशी: ‘सेल काढला. साटा मोड परत एएचसीआय करणे.’ शेजारी टेलिफोनवाल्या काकांची सही आहे. वाचनालयात आलात तर झाकण उघडून दाखवू, फक्त आधी वायर काढू द्या.