सुकाणू बिघडलं म्हणून प्रवास संपत नाही

मी मनोरीहून बोलतेय. इथल्या बचत गटांचं काम मी पाहते. मार्वेहून मनोरीला यायचं म्हणजे फेरीबोटीतली काही मिनिटं. तेवढ्यातही पावसाळ्यात बोट डुलली की आपण शेजारणीचा हात घट्ट धरतो. आज मी ज्या बायकांची गोष्ट सांगणार आहे, त्या शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी घालून आल्या.

बोटीचं नाव ‘तारिणी’. लांबी ५६ फूट. ती गोव्यातच दिवार बेटावर बांधली. ओडिशात तारा-तारिणी देवी आहे, दर्यावर्दी तिला मानतात. तिचंच हे नाव. बोटीवर नौदलाच्या सहा अधिकारी होत्या. वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख. सोबत प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. १० सप्टेंबर २०१७ ला त्या गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. २५४ दिवस, सुमारे ४०,००० किलोमीटर!

त्या एकदम उठून निघाल्या नव्हत्या. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, दिलीप दोंदे, यांच्याकडे त्या शिकल्या. आधी मॉरिशसपर्यंत जाऊन आल्या. मगच मोठा पल्ला धरला.

आता दर्याचं तुम्हाला काय सांगू! विषुववृत्ताजवळ वारा पडतो, शीड लोंबतं, बोट जागची हलत नाही. न्यूझीलंडहून फॉकलंड बेटांकडे जाताना तर ४१ दिवस किनारा नाही. तिथे ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा, दुमजली घराएवढ्या लाटा आणि हाडं गोठवणारी थंडी. रात्रंदिवस पाळ्या लावून त्यांनी बोट सांभाळली. एक झोपली तर दुसरी जागी.

पण माझ्या मनात राहिली ती पुढची गोष्ट. केप टाऊन सोडलं, आता थेट घर. आणि सुकाणूची यंत्रणा बिघडली. ठरवलेले थांबे चारच होते, मॉरिशस त्यात नव्हतं. तरी एप्रिलमध्ये त्यांनी बोट मॉरिशसला नेली, दुरुस्ती केली आणि मग गोवा गाठलं. थांबल्या म्हणून त्यांना कुणी हरल्या म्हटलं नाही.

हे मला का लागलं, सांगते. आमच्या गटातल्या एका ताईचे तीन हप्ते थकले. जून-जुलै मासेमारी बंद, आणि हंगाम उघडतो तोच घरच्या बोटीचं मशीन गेलं. लाजेने ती बैठकीला येईना. बाकीच्या चिडल्या, कारण बँकेचा हप्ता सगळ्यांच्या नावावर. तिला गटातून काढायचा ठराव मीच लिहायला घेतला होता. खोटं कशाला बोलू?

तेव्हा आमची एक म्हातारी मावशी म्हणाली, “मशीन बंद पडलेली बोट आपण दर्यात टाकून येतो काय गो? दोरी बांधून ओढून आणतो ना?”

माझं पेन तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. परिस्थिती डोळ्यांनी पाहिली. मग वहीत लिहून ठरवलं, की तीन महिने तिने फक्त व्याज भरायचं, बँकेचा हप्ता गटाच्या बचतीतून जाईल, आणि त्यानंतर दर महिन्याला थोडं जास्त देऊन तिने ते फेडायचं. सगळ्यांनी सह्या केल्या. यंदा मार्चमध्ये तिचा शेवटचा हप्ता आला. सुक्या बोंबलांची टोपली घेऊन ती स्वतः बैठकीला आली.

याचा अर्थ हप्ता बुडवला तरी चालेल, असा नाही हं. अडचण खरी आहे का ते बघायचं, मुदत ठरवायची आणि वहीत लिहायचं. तोंडी काही नाही. आणि ज्या ताईची अडचण आहे तिनेही घरी बसून राहू नये. बिघाड लपवला तर दुरुस्ती कशी होणार?

तीच ‘तारिणी’ २ ऑक्टोबर २०२४ ला पुन्हा निघाली. या वेळी दोघीच, दिलना आणि रूपा. २९ मे २०२५ ला त्याही सुखरूप परत आल्या.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. गेल्या दोन-तीन महिन्यांत कोण आली नाही, ते हजेरीत बघा. आणि दंड लिहिण्याआधी तिच्या दारी जाऊन या.