केदारनाथचं तळं आणि आपलं गंगापूर धरण



आमच्या गटातल्या सात जणी मे महिन्यात केदारनाथला निघाल्यात. वर्षभर त्यासाठी पैसे बाजूला टाकलेत. गेल्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "ताई, २०१३ साली वरून एवढं पाणी आलं कुठून? तिथे धरण तर नाही!"

मावशी, धरण होतं, पण माणसानं बांधलेलं नव्हतं.

केदारनाथच्या वर चोराबारी ही हिमनदी आहे. म्हणजे सावकाश सरकणारी बर्फाची नदी. पूर्वी थंडी जास्त होती तेव्हा ती वाढली. सरकताना तिनं दगडमाती काठाला लोटली, वरंबा घालावा तशी. पुढे ऊब वाढली, बर्फ खाली बसला, मागे हटला. वरंबा मात्र तिथेच राहिला. वरंबा आणि डोंगर यांच्यामधल्या खोलगटात पाणी साचलं. तेच चोराबारी तळं, गांधी सरोवर.

आपलं गंगापूर धरणही मातीचंच. पण ते थरावर थर दाबून बांधलंय, त्याला दरवाजे आहेत. पाणी सोडण्याआधी इशारा मिळतो. मग दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, ते आपण बघतो. तिथल्या वरंब्याला ना दरवाजा, ना सांडवा. मुसळधार पाऊस आणि वितळलेला बर्फ एकत्र आले आणि १७ जून २०१३ च्या सकाळी वरंबा फुटला. तळं बघता बघता रिकामं झालं.

काही तळ्यांना बर्फ चिकटलेलाच असतो. पाणी त्याचा पायथा पोखरतं, कडे तुटतात, हिमनदी मागे जाते आणि तळं लांबत जातं. सिक्कीमचं दक्षिण ल्होनाक असंच वाढलं. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री काठाचा वरंबा त्यात घसरला, मोठी लाट उठली, बांध फुटला. खाली चुंगथांगचं धरण वाहून गेलं. इस्रोच्या उपग्रह चित्रांत तळं शंभर हेक्टरहून जास्त आटलेलं दिसलं.

म्हणून "मागच्या वर्षी काही झालं नाही" यावर विसंबू नका. तिथली तळी दरवर्षी बदलतात. निघण्याआधी नोंदणी करा. हवामानाचा इशारा असेल तर एक दिवस थांबा. नदीकाठी मुक्काम नको. पाण्याचा आवाज वाढला, तर नदीच्या कडेनं खाली धावू नका; बाजूच्या उंचीवर चढा. आणि सगळ्यांचे फोन नंबर घरी एकीकडे लिहून ठेवा.

देव कुठे जात नाही, बायांनो. एक दिवस उशिरा भेटेल, पण भेटेल.