पासपोर्ट कोणाच्या पिशवीत?

(महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विमान रात्रीचं असलं तरी बाईची सुटी शेवटच्या दिवशी सकाळीच संपते. गेल्या हिवाळ्यात आम्ही घरची सात माणसं पाच दिवस दुबईला गेलो होतो. शेवटच्या सकाळी पुरुषमंडळी आणि मुलं पोहायला, आणि सासूबाई, धाकटी जाऊ नि मी खोलीत बॅगा भरायला. ओले कपडे वेगळे, शेजारणीचा खजूर वेगळा, भाच्याचं अत्तर फुटू नये म्हणून मोज्यात. हे काम कोणी वाटून दिलं नव्हतं, ते आपोआपच वाटलेलं असतं.

दुपारी माणशी एक दिरहॅम देऊन ‘अब्रा’ होडीतून खाडी ओलांडली आणि देऱ्याचा सोनेबाजार पाहिला. निघताना जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही सगळे व्हा पुढे, मी तासभर एकटीच फिरून येते." पण जाणार कशी? सातही पासपोर्ट नि सगळे पैसे भाऊजींच्या कमरेच्या पाऊचमध्ये. का, तर हरवतील! ही बाई बँकेत रोज लाखांची रोकड मोजते. ती मुकाट्याने आमच्याबरोबर परत आली.

परतीच्या विमानात माझ्या शेजारी मुंब्र्याची एक मुलगी होती. वय अठ्ठावीस. दोन वर्षं एका घरी स्वैपाक, धुणं आणि तीन मुलं सांभाळून परत येत होती. दुबईत काय काय पाहिलंस, असं मी सहज विचारलं. म्हणाली, "खिडकीतून समोरचा रस्ता." आठवड्याची सुटी एकदाही मिळाली नव्हती. पासपोर्ट पहिल्याच दिवशी मालकिणीने ठेवून घेतला, तो ड्रायव्हरने विमानतळाच्या दारात हातात दिला. मुंबई येईपर्यंत, तीन तास, तिने तो पर्समध्ये ठेवला नाही.

आता कायदा बघा. तिथे घरकामगारांसाठी २०१७ साली कायदा झाला, २०२२ साली त्याजागी नवा आला. आठवड्याला एक सुटी, वर्षाला तीस दिवसांची पगारी रजा, कागदपत्रं स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क, सगळं त्यात आहे. पण व्हिसा मालकाच्या नावावर आणि राहणं मालकाच्या घरात असताना हक्क मागायचा कुठे उभं राहून?

आणि आपलं सरकार? दहावी न झालेल्यांना ‘ईसीआर’ पासपोर्ट मिळतो. आखातात कामाला जायचं तर त्यांना सरकारची मंजुरी लागते, आणि घरकामाला जाणारी बाई तिशीच्या आत असेल तर ती मिळत नाही. हेतू संरक्षणाचा आहे म्हणतात. पण चूल काही तिशीची वाट पाहत नाही. ही मुलगी सव्विसाव्या वर्षी एजंटामार्फत पर्यटक व्हिसावर गेली. म्हणजे सरकारदरबारी ती माझ्यासारखीच सहलीला निघालेली! तिचा करार नाही, कामगार म्हणून नोंद नाही. ज्या बंदीने तिला वाचवायचं, तिनेच तिला एजंटाच्या हाती दिलं. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ साली झाला. भारताने बाजूने मत दिलं, पण स्वतः तो अजून मंजूर केलेला नाही.

माझी जाऊ आणि ती मुलगी एका मापाने मोजायच्या नाहीत, हे मला कळतं. जाऊ घरी आली, ती सुटून आली. पण १९६७ चा पासपोर्ट कायदा दोघींना लागू आहे. त्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता. नवऱ्याची नाही आणि मालकाचीही नाही. अर्जावर नवऱ्याची सही लागत नाही, हे २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाला निकालात सांगावं लागलं!

तेव्हा तुमच्या वस्तीतली कोणी आखातात निघाली असेल तर तिच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि असल्यास कराराची झेरॉक्स आईकडे किंवा बहिणीकडे ठेवायला सांगा. व्हिसा कामाचा की पर्यटनाचा, हे तिला स्वतःला वाचता आलं नाही तर गटात आणून वाचून घ्या. एजंटाचं नाव आणि फोन लिहून ठेवा. आणि सहलीला निघालेल्यांनो, आपापला पासपोर्ट आपापल्या पर्समध्ये. जाऊने परवा तिचा भाऊजींकडून मागून घेतला. कपाटात शोधायला त्यांना दोन दिवस लागले.