ट्रकवरची चाकरी सोडतांना

आजचा विषय आपणांपैकीं पुष्कळांस परका वाटण्याचा संभव आहे. आपल्या घरांतील डाळ, अंगावरचें कापड आणि औषधाची बाटली कोणीतरी रात्रभर ट्रक हांकून आपल्या गांवीं पोंचविलेली असते; परंतु त्या हांकणाराची चाकरी कशी सुरू होते व कशी संपते, याचा विचार आपण क्वचितच करतों. आमचा नांदगांव खंडेश्वर तालुका अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचा. डिसेंबर २०२२ मध्यें ज्याचा नागपूर-शिर्डी हा भाग प्रथम खुला झाला, तो समृद्धि महामार्गहि याच तालुक्यांतून गेला आहे. कापूस, सोयाबीन व तूर यांवर ज्यांचें भागत नाहीं असे कित्येक तरुण येथून ट्रकवर जातात. मी शाळेंतून निवृत्त झाल्यापासून माझे कांहीं जुने विद्यार्थी आपले कागद वाचून घेण्यासाठीं मजकडे येतात. त्या कागदांवरून जें ध्यानांत आलें, तेंच आज सांगावयाचें आहे.

कचेरींतील कारकून नोकरी सोडतो तेव्हां राजीनामा देतो, हिशेब घेतो व दाखला मागतो. ड्रायव्हरची नोकरी मात्र बहुधा शब्दावर लागते आणि शब्दावरच तुटते. उचलीचा किंवा भत्त्याचा तंटा होतो, सणाची रजा नाकारली जाते, आणि एके रात्रीं गाडी पेट्रोलपंपावर उभी करून, किल्ली क्लीनरच्या हातीं देऊन, गडी एस. टी. नें घरीं येतो. त्याच्या रागास कारण नसतें असें मी म्हणणार नाहीं. मोटार वाहतुकींतील कामगारांसाठीं १९६१ सालीं झालेल्या कायद्यानें दिवसाचे आठ तास, आणि लांब पल्ल्यासाठीं फार तर दहा तास, अशी मर्यादा घातली होती. रस्त्यावर ती किती पाळली गेली हें ड्रायव्हरांच्या डोळ्यांकडे पाहिलें म्हणजे कळतें. चाकरी सोडण्याचा अधिकार त्यास आहेच. प्रश्न आहे तो सोडण्याच्या रीतीचा.

भरलेली गाडी म्हणजे परक्याची ठेव होय. ती वाटेंत टाकून गेल्यास मालाच्या चोरीचा आळ प्रथम कोणावर येईल, हें सांगावयास नको. सार्वजनिक जागीं दहा तास वा अधिक बेवारस राहिलेलें वाहन हलविण्याचा अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें पोलिसांस दिला आहे. शिवाय गाडी कोणत्या दिवशीं व किती वाजतां ताब्यांतून गेली याचा लेख नसेल, तर नंतरच्या दंडाच्या चिठ्ठींतहि मालक जुन्याच ड्रायव्हरचें नांव सांगूं शकतो. म्हणून गाडी ठिकाणावर आणावी, माल उतरवावा, आणि तारीख, वेळ, मीटरचा आंकडा व सोंपविलेले कागद लिहून पोंच घ्यावी. पोंच न मिळाल्यास हाच मजकूर मालकाच्या फोनवर पाठवून ठेवावा.

याहून मोठें नुकसान दृष्टीस पडत नाहीं. भविष्य निर्वाह निधि लागू असलेल्या कंपनींत कामास असलेल्या ड्रायव्हरचा एकच बारा अंकी खातेक्रमांक २०१४ पासून नोकरी बदलली तरी कायम राहतो. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेंत मासिक वेतनाच्या हक्कासाठीं दहा वर्षांची सेवा धरलेली आहे. ती एकाच मालकाकडे झाली पाहिजे असें नाहीं. एका ठिकाणचीं सहा व दुसऱ्या ठिकाणचीं चार वर्षें मिळून दहा होतात. परंतु पहिली चाकरी सोडतांच निवृत्तिवेतनाची रक्कम काढून घेतली, तर तीं सहा वर्षें हिशेबांतून गेलीं! तसेंच सोडल्याची तारीख नोंदली न गेल्यास पुढचें काम अडतें. मालक ती नोंदीत नसेल, तर दोन महिन्यांनंतर कामगारास ती स्वतः नोंदवितां येते. ही सोय २०२० पासून आहे. पण माझ्याकडे येणारांपैकीं बहुतेकांस ती ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट परवान्याची. उचल फिटेपर्यंत परवाना अडकवून ठेवणारे मालक आढळतात. परवाना चालकाच्या नांवाचा असतो. तो मालकाचें तारण नव्हे. मालवाहतुकीच्या परवान्याची मुदत साधारणतः पांच वर्षांची असते, आणि ती संपून एक वर्ष उलटल्यास पुन्हां चांचणीचा प्रसंग येतो.

अमेरिकेंत ही बाब फार पुढें गेली आहे. तेथें नव्या मालकानें ड्रायव्हरच्या मागील तीन वर्षांच्या सुरक्षिततेची माहिती पूर्वीच्या मालकांकडून मागविलीच पाहिजे, असा नियम आहे. ती नोंद पाहण्याचा, चुकीची असल्यास दुरुस्त करून मागण्याचा व आपलें म्हणणें तिला जोडण्याचा हक्क ड्रायव्हरासहि आहे. आपल्याकडे नोंद बहुतांशीं तोंडोतोंडीं चालते: ‘हा गाडी टाकून पळणारा आहे’, एवढें एक वाक्य अड्ड्यावर पसरलें कीं पुरे. त्यास उत्तर देण्यास ना कागद असतो, ना जागा.

कागद मागितल्यास मालक कामावर ठेवणारच नाहीं, असें ड्रायव्हर म्हणतात. एकदोन गाड्यांच्या मालकाबाबत हें खरेंहि आहे. तेथें निधीचा कायदाहि पोंचत नाहीं. अशा जागीं पगार बँकेंत घ्यावा आणि प्रत्येक खेपेची वही स्वतः ठेवावी. मोठ्या मालकांस मात्र आतां सबब उरलेली नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या कामगार संहितांमध्यें १९६१ चा तो कायदा विलीन झाला आहे. त्यांत नेमणूकपत्र देण्याचें बंधन आहे, आणि राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतें करावें असेंहि लिहिलें आहे.

श्रोतेहो, आपल्या ओळखींत एखादा ट्रकचा मालक असेल; एखाद्या ड्रायव्हरची बायको आपल्याच घरीं कामास येत असेल. मालकास दोन ओळींचा दाखला देण्यास सांगा, आणि त्या बाईस नवऱ्याचे कागद घेऊन बोलवा. आपणांस तें अर्ध्या तासाचें वाचन आहे. तिच्या घरीं त्यावर म्हातारपणची भाकर अवलंबून आहे.