धायटी ओळखू या

पेण-रोह्याच्या डोंगरउतारावर माघ-फाल्गुनात रान वाळतं, तेव्हा एक झुडूप लालेलाल होतं. ती धायटी. आमच्या गटांत नव्या आलेल्या बाया विचारतात, धायटी नेमकी कुठली? म्हणून आज खुणा सांगतो.

झुडूप पुरुषभर उंचीचं, फांद्या लांब आणि वाकलेल्या. पानं समोरासमोर, टोकदार, देठ नसल्यासारखाच. पान उलटून बघा: खालून पांढुरकं, बारीक काळे ठिपके. फुलं फांदीलगत झुबक्यांनी येतात. एकेक फूल म्हणजे छोटी लाल नळी, तोंडातून केसर बाहेर आलेले. ही नळी पाकळ्यांची नसते, बाहेरच्या दळांची असते. म्हणून वाळल्यावरही रंग टिकतो.

फसू नका. मुरुडशेंगेचं फूलही लाल, पण ते पावसाळ्यात येतं. तिचं पान रुंद, खरखरीत, दातेरी आणि शेंग दोरीसारखी पिळलेली. पळस आणि पांगारा यांना तीन-तीन पानं. धावडा नावानं जवळचा, पण तो मोठा वृक्ष, फुलं लाल नाहीत.

ओळख पक्की हवी, कारण आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला हीच फुलं लागतात. तिथे तिला धातकी म्हणतात. दुसरं फूल मिसळलं, तर औषधाचं नुकसान आणि आपल्या मालाचा भरवसा जातो.

फांदी मोडू नका. निम्मी फुलं झुडपावर ठेवा. मधमाश्यांना मध मिळतो, बीही धरतं. फुलं सावलीत वाळवा. वनहक्क कायदा २००६ प्रमाणे गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क वनात राहणाऱ्यांना आहे, तो ग्रामसभेत मांडा.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं एक पान, एक फूल आणा. सगळ्या मिळून ओळखू.